फळ्यावरची सतरा नावं

१३ जानेवारी १९८६, सोमवार

बँकेने छत्तीस वर्षं दर जानेवारीत मला डायरी दिली आणि ती भरायला कामही दिलं. या वर्षी नुसती डायरीच दिली. निवृत्त होऊन तेरा दिवस झाले. डायरी कोरी ठेवणं जिवावर येतं, म्हणून लिहितो आहे.

आज स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. आत काय आहे, किती आहे आणि डबा कधी उघडला. रवा गरजेपेक्षा दीड किलो जास्त निघाला. वसुधा गॅलरीत जाऊन उभी राहिली. जेवताना तिने विषय काढला. दर मंगळवारी पापड आणि कोकम घेऊन जानकीबाई म्हणून एक बाई आपल्याकडे येतात. त्यांच्या गावच्या लोकांची भांडुपला एक पतपेढी आहे आणि तिला हिशेब जाणणारा कोणीतरी हवा आहे. मी विचारलं, त्यांना माझं नाव कसं कळलं? वसुधा म्हणाली, "तुमचं नाव आहे ना."

मुलुंडमध्ये राहून भांडुपपर्यंत आपलं नाव गेलं आहे याची मला कल्पना नव्हती. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२० जानेवारी, सोमवार

काल भांडुपला जाऊन आलो. टेकडीच्या पायथ्याशी चाळीतली एक खोली, बाहेर नळ, दारावर 'खांबोळी ग्रामस्थ सहकारी पतपेढी' अशी पाटी. आत एक टेबल, एक तिजोरी, एक बाक आणि स्टोव्ह. सभासद दोनशे बारा. बहुतेक सगळे कोकणातल्या खांबोळीचे, पूर्वी गिरणीत होते. संपानंतर कोणी वॉचमन झालं, कोणी रिक्षा चालवतं, कोणी भाजी विकतं. ठेवी एक लाख चौऱ्याऐंशी हजार. आमच्या बँकेत एवढी रक्कम एका टेबलावरून सकाळच्या चहाआधी जायची. पण इथे ती दोनशे घरांची आहे, हे माझ्या लक्षात आहे.

अध्यक्ष दत्ताराम. साठीचे, पूर्वी गिरणीत कामगारांवरचे जॉबर होते. पतपेढी त्यांनीच काढली. येईल त्या माणसाला चहा पाजतात आणि अर्धा तास गावच्या गप्पा मारतात. त्या अर्ध्या तासात पैशाचं बोलणं कुठे होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सहकार खात्याच्या माणसाने तपासणीत शेरा मारला आहे: थकबाकीची यादी ठेवलेली नाही. म्हणून मला बोलावणं. मी मानद सचिव झालो.

वसुधाने डब्यांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आहेत.

३ फेब्रुवारी, सोमवार

दोन आठवडे खतावणी लावतो आहे. सतरा कर्जदार थकले आहेत. एकूण थकबाकी एकसष्ट हजार दोनशे चाळीस. दत्तारामभाऊंना विचारलं, याचा तपशील कुठे आहे? त्यांनी बंडीच्या खिशातून एक छोटी वही काढून दिली. नमुन्यादाखल उतरवून ठेवतो:

लवू – दर सात तारखेला चाळीस देतो. मागू नये.
काशीराम – काजू विकले की.
अनंत – आईचं ऑपरेशन. मे नंतर बघू.
विमला – नवरा परत आला तर अर्धे, नाही आला तर पूर्ण.

शेवटची नोंद उलटी आहे. नवरा आला तर पूर्ण यायला हवेत. लिहिताना चूक झाली असणार. लवूचं प्रकरण पाहिलं. एक्याऐंशी साली गावच्या घराच्या छपरासाठी तीन हजार घेतले, पुढे संप झाला. हप्ता ठरला होता सव्वाशेचा, देतो चाळीस. त्यात व्याज जेमतेम निघतं. मी हे दत्तारामभाऊंना गणित मांडून दाखवलं. ते म्हणाले, "पण चुकवत नाही हो कधी."

ही वृत्तीच देशाला नडते.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सभासदांसाठी 'व्याज म्हणजे काय' या विषयावर वर्ग घेतला. अकरा जण आले. बारा टक्क्यांनी पैसे सहा वर्षांत दुप्पट होतात हे सिद्ध करून दाखवलं. मला वाटलं थक्क होतील, पण त्यांनी नुसत्या माना हलवल्या. काशीराम म्हणाला, सावकाराचे दहा महिन्यांत होतात. तो काही गणिताचा भाग नव्हता.

जानकीबाई पुढेच बसल्या होत्या. ठेंगण्या, रोखून बघणाऱ्या. त्यांनी विचारलं, मी बँकेत असताना त्यांच्यासारख्या कोणाला कर्ज दिलं होतं का? मी सांगितलं, तारणाशिवाय बँक कर्ज देऊ शकत नाही. सोनं हवं, जागा हवी, नाहीतर पगाराचा दाखला हवा.

त्या म्हणाल्या, "आमच्याकडे तारण म्हणजे आमचा तोंड. ता रोज दाखवूचा लागता."

भावना म्हणून ठीक आहे. अर्थशास्त्रात बसत नाही. तरी नोंदवून ठेवतो.

४ मार्च, मंगळवार

आजचा दिवस समाधानाचा. थकबाकीची यादी तयार झालीच होती, पण ती कपाटात ठेवून उपयोग काय? सार्वजनिक पैसा आहे, सार्वजनिक माहिती हवी. दादरहून मोठा फळा आणला आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये नळासमोर लावला. सतरा नावं, प्रत्येकापुढे रक्कम, खाली बेरीज, आणि बेरजेखाली तांबड्या खडूच्या दोन रेघा. लवूचं नाव सगळ्यांत वर, कारण त्याचा हप्ता सगळ्यांत आधी थकला.

दत्तारामभाऊंनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "अक्षर झकास आहे, साहेब. पण पुसायचं फडकं जवळच ठेवा." मी म्हटलं, अर्थातच. दर महिन्याला आकडे बदलावे लागणार.

१० मार्च, सोमवार

सात तारीख गेली, लवू आला नाही. दत्तारामभाऊंच्या वहीप्रमाणे गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदाच. विमला आणि आणखी दोघं थोडंफार द्यायची, तीही फिरकली नाहीत. यादीचा परिणाम दिसायला महिनाभर द्यावा लागेल. लोक मात्र आवर्जून वाचताहेत. नळावर आलेल्या बायका कळशी भरेपर्यंत बेरजेकडे बघत असतात. जागृती होते आहे.

हे वसुधाला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या सोसायटीने जिन्यात तुमचं नाव लावलं होतं, तेव्हा तुम्ही दोन वर्षं सभेला गेला नव्हतात." मी तिला फरक समजावून सांगितला. ते मेंटेनन्सचं होतं आणि चूक सोसायटीच्या कारकुनाची होती. ती म्हणाली, "हो का," आणि पोळ्या लाटायला लागली.

१४ मार्च, शुक्रवार

दत्तारामभाऊ आज एस.टी.ने गावी गेले. शिमगा. या वर्षी पालखी त्यांच्या दारात येणार आहे, बऱ्याच वर्षांनी. माणूस लहान मुलासारखा खूश होता. जाताना म्हणाले, शिमग्याआधी लोक गावी जायला पैसे काढतात, रोकड जरा जास्त ठेवा. मी वर्षभराची सरासरी काढून तिजोरीत नऊ हजार ठेवले आहेत, ते पुरेसे आहेत असं सांगितलं. बाकी एकोणतीस हजार बँकेत आहेत. ते काढायला चेकवर त्यांची आणि माझी, दोघांची सही लागते. तर हे गृहस्थ चार कोऱ्या चेकांवर सही करून द्यायला निघाले. मी चक्क हात जोडले. छत्तीस वर्षांत कोऱ्या चेकला मी हात लावलेला नाही. सगळे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि एस.टी. पकडायला गेले.

१७ मार्च, सोमवार

आज दारात रांग होती. आधी वाटलं गावी जाणारे असतील, आणि पहिले आठ-दहा तसेच होते. पण मग ज्यांच्याकडे ना पिशवी ना गावाची गोष्ट, असे लोक दिसायला लागले. येणारा प्रत्येकजण आधी फळा वाचतो, मग रांग बघतो, मग विचारतो, दत्तारामभाऊ कुठे आहेत? गावी गेले म्हटलं की रांगेत उभा राहतो. एक म्हातारी मला सरळ म्हणाली, साठ हजार बुडाले ना, आता माझे तीनशे तरी द्या.

मी तिला नीट सांगितलं की थकणं वेगळं आणि बुडणं वेगळं. तिने तीनशे मोजून घेतले, तेही दोनदा.

दिवसभरात चार हजार तीनशे गेले. उपविधीप्रमाणे एका वेळी तीनशेची मर्यादा आहे म्हणून बरं. नाहीतर दुपारीच तिजोरी रिकामी झाली असती.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी जाहीर सूचना लावली. टाइप केलेली, शिक्क्यासह: 'सर्व ठेवी सुरक्षित आहेत. सभासदांनी अफवांवर विश्वास ठेवू नये व घाबरू नये.' खाली ठेवी, कर्ज, रोकड यांचे खरे आकडे दिले. अकरा वाजेपर्यंत रांग दुप्पट झाली. जानकीबाई पापडाची पिशवी घेऊन जाता जाता थांबल्या, सूचना अक्षर न् अक्षर वाचली आणि म्हणाल्या, "घाबरू नये असा लिवलात, म्हणजे घाबरण्यासारख्या कायतरी आसा, असाच वाटतला ना माणसाक."

तीन हजार शंभर गेले. तिजोरीत सोळाशे उरले. बँकेत एकोणतीस हजार पडले आहेत आणि दत्तारामभाऊंच्या सहीशिवाय मी त्यातला एक रुपया काढू शकत नाही. त्यांना तार केली. खांबोळीला तार पोचायला दोन दिवस, त्यांना यायला एक. दार एक दिवस बंद राहिलं तर संपलंच. ज्यांनी आज पैसे काढले नाहीत तेही दगड घेऊन येतील, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही.

घरी आल्यावर वसुधाला सगळं सांगितलं. कोऱ्या चेकांचंही सांगितलं. एरवी ती माझ्या हिशेबाच्या गोष्टी भाजी निवडत ऐकते. आज भाजी बाजूला ठेवून ऐकलं. तिने एवढंच विचारलं की शनिवारपर्यंत दार उघडं ठेवायला किती लागतील. मी म्हटलं, कमीत कमी पाच हजार, आणि ते आणायचे कुठून? माझा प्रॉव्हिडंट फंड अजून मिळालेला नाही. तिने भाजी पुन्हा पुढे ओढली. बायकांना या काळज्या सांगून उगाच त्रास दिला असं वाटलं.

१९ मार्च, बुधवार

अजब दिवस. सकाळी दार उघडलं, रांग होतीच. साडेअकराच्या सुमाराला जानकीबाई आल्या. लोकांनी वाट दिली, कारण सगळ्यांना वाटलं याही काढायला आल्या. त्यांनी टेबलावर रुमालाची पुरचुंडी ठेवली आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाच हजार. ठेव म्हणून लिवा."

पाच हजार! पापड लाटून आणि कोकम विकून! मी नोटा मोजल्या. शंभराच्या, नव्या कोऱ्या. भरणापावती लिहिताना रक्कम अक्षरी दोनदा चुकली हे कबूल करतो. या बायका एक-एक रुपया कसा बाजूला टाकत असतील, हे आमच्या बँकेतल्या लोकांना कधी दिसलंच नाही. रविवारच्या वर्गात मी यांना बचत शिकवत होतो, याची लाज वाटली.

रांग थोडी सैलावली, तरी सत्तावीसशे गेलेच. दुपारी गर्दी कमी झाल्यावर मी जानकीबाईंचे आभार मानायला लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, हे पैसे चार दिवस पुरतील, पुढे काय? मी म्हटलं, फळा आत्ताच्या आत्ता पुसतो. त्यावर त्या जे म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहितो:

"फळो पुसून काय होतला? नावं तुमी लिवलात, तर पुसूक पण तुमीच जावा. फळ्यावरची नव्हेत, घराघरातली."

म्हणजे घरोघर जायचं. मी विचारलं, वसुलीसाठी? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे विचारलं नाही. फळा पुसला आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर टेकडी चढलो. नऊ घरं झाली. प्रत्येक घरी मी म्हटलं, तुमचं नाव न विचारता चारचौघांत लावलं, माझी चूक झाली. छत्तीस वर्षांत मी हे वाक्य जावक क्रमांकाशिवाय कधी वापरलं नव्हतं. पहिल्या घरी जीभ अडखळली. चौथ्या घरापासून सोपं झालं. नऊ घरी नऊ चहा.

विमलाकडे गेलो तेव्हा तिचा नवरा आलेला होता, कोपऱ्यात झोपला होता, खोलीत दारूचा वास. तिने हळूच सांगितलं, तो असला की पैसे लपवावे लागतात. वहीतली ती नोंद आठवली. चूक लिहिणाऱ्याची नव्हती, वाचणाऱ्याची होती.

घरी आलो तर वसुधाच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. पाटल्या कुठे म्हटलं, तर म्हणाली पॉलिशला दिल्या, फार काळवंडल्या होत्या. मला तरी काळवंडलेल्या वाटल्या नव्हत्या. वेळ काय आणि हिला सुचतं काय.

२० मार्च, गुरुवार

दिवसा साडेचौतीसशे गेले. तिजोरीत साडेचारशे. तारेचं उत्तर नाही.

संध्याकाळी उरलेली आठ घरं. पित्त झालं आहे, पण चहा नाकारायचा नाही अशी जानकीबाईंची सक्त ताकीद. लवूचं घर शेवटी ठेवलं होतं, मीच ठेवलं होतं. लवू पन्नाशीचा, मुलुंडच्या एका कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन. कामावर निघायच्या तयारीत होता. मी माझं वाक्य म्हटलं. त्याने खाकी शर्टाची बटणं लावली. त्याची बायको राधा आत गेली आणि एक बरणी घेऊन आली. तिच्यात मार्चचे चाळीस रुपये तसेच होते. हात लावलेला नव्हता.

मी विचारलं, मग भरले का नाहीत?

लवू म्हणाला, "सात तारखेला पैसे देऊन दत्तारामभाऊबरोबर चहा पियाचो. तेवढा एक दिवस मी कोणाचा देणेकरी नसायचो. तुम्ही नाव लावलंत. आता भरलं काय, नाय भरलं काय, नाव तेवढंच."

मी त्याला व्याजाचा दर सांगू शकलो असतो. नाही सांगितला. परत येताना टेकडीच्या पायऱ्यांवर मला बसावं लागलं. जानकीबाई शेजारी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, उद्या साडेचारशेवर दार उघडायचं आहे. त्या म्हणाल्या, "उघडा."

२१ मार्च, शुक्रवार

हे सावकाश लिहितो, म्हणजे काही सुटायला नको.

दहाला दार उघडलं. तीस-पस्तीस माणसं. पहिल्याला तीनशे दिले. दुसऱ्या बाईला ऐंशी हवे होते, दिले. उरले सत्तर. तिसरा रिक्षावाला, त्याने तीनशेची स्लिप पुढे केली. मी ती हातात घेऊन सही ताडून बघायला लागलो. सही बरोबर होती. मी पुन्हा ताडून बघितली. तिसऱ्यांदा बघितली तेव्हा तो म्हणाला, "काय झालं, साहेब?" मी तोंड उघडलं, पण काय सांगणार होतो ते मला आत्ताही माहीत नाही.

तेवढ्यात रांगेच्या बाजूने लवू आत आला. रात्रपाळी करून आलेला, अंगावर खाकी. लोकांनी ओरडा केला, रांगेत ये. तो म्हणाला, काढायला नाही, भरायला आलोय. टेबलावर चाळीस रुपये ठेवले. मी पावती लिहिली आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचली: लवू, कर्जखाती, रुपये चाळीस फक्त. रिक्षावाल्याने विचारलं, "तू भरतंस? पेढी बुडाक लागली नि तू भरतंस?"

लवू म्हणाला, "बुडणारी असती तर मी कशाक भरतंय? बुडाली तर माझा कर्ज पण बुडला. माका बराच."

कायद्याने हे चूक आहे. संस्था बुडाली तरी सरकारने नेमलेला अवसायक कर्ज वसूल करतोच. मी तसं सांगायला तोंड उघडलं होतं, पण दारात जानकीबाई उभ्या होत्या. मिटलं.

लवूच्या मागोमाग विमला आली. पंचवीस. मग काशीराम, काजू विकायच्या आधीच, साठ. मग अनंत, दहा रुपये, तेही चिल्लर. एकेक करून सतराच्या सतरा आले. ज्यांची नावं मी तांबड्या रेघांवर टांगली होती ते सगळे रांगेसमोरून येऊन पैसे भरून गेले. मी सतरा पावत्या लिहिल्या आणि सतराही मोठ्याने वाचल्या. सहाव्या-सातव्या पावतीला रिक्षावाल्याने माझ्या हातातली स्लिप मागून घेतली, घडी करून खिशात घातली आणि पुढच्या महिन्यात बघतो म्हणून गेला. म्हातारी, जिने सोमवारी तीनशे दोनदा मोजून नेले होते, तिने ते परत आणले. ते मी उद्याच्या कीर्दीत घेतले, कारण तोपर्यंत मला बेरीज दिसेनाशी झाली होती. चष्मा पुसावा लागला.

सतरा जणांचे मिळून जमा झाले सहाशे बारा रुपये. मी पुन्हा पुन्हा बेरीज केली. नऊ हजार रोख होते तेव्हा रांग थांबली नाही, टाइप केलेल्या आकड्यांनी थांबली नाही. ती सहाशे बारा रुपयांनी थांबली. हे कुठल्या पुस्तकात बसतं ते मला ठाऊक नाही.

घरी आल्यावर वसुधाने दारातच विचारलं, "दार उघडं राहिलं?" मी हो म्हटलं. ती आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मग सांजा करून आणला.

२३ मार्च, रविवार

दत्तारामभाऊ काल आले. तार मिळाली तशी पहिली एस.टी. पकडून. पालखी त्यांच्या दारात येण्याच्या तीन दिवस आधी ते निघाले. मला त्यांच्याकडे बघवेना. मी माफी मागितली. ते म्हणाले, "पालखी पुढल्या खेपेला येईल हो." पुढली खेप किती वर्षांनी, हे मी विचारलं नाही.

मी त्यांना चेकबुक दिलं आणि चार कोऱ्या चेकांवर माझ्याच सह्या आधी करून दिल्या. ते हसले. त्यांनी तीन चेक फाडून टाकले, एक ठेवला. मग स्टोव्ह पेटवला.

त्यांच्या वहीतल्या सतरा नोंदी मी खतावणीत 'फेररचना' या सदराखाली चढवल्या आहेत. सहकार खात्याला हा शब्द आवडेल. विमलाची नोंद जशी होती तशीच ठेवली.

५ एप्रिल, शनिवार

जानकीबाई ठेव काढायला आल्या. मी म्हटलं, राहू द्या की, चांगलं व्याज मिळेल. त्या म्हणाल्या, ज्याचे त्याला द्यायचे आहेत. म्हणजे बहुधा गावी पाठवायचे असतील. मी पाच हजार आणि सतरा दिवसांचं व्याज असे पाच हजार चौदा रुपये दिले. व्याज नको म्हणत होत्या. मी हट्टाने दिलं. म्हटलं, हे तुमच्या हक्काचं आहे, तुम्ही नसता तर ही पेढी आज नसती. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "देतंय हां, पोचवतंय." गावाकडच्या लोकांची बोलण्याची पद्धत.

१० एप्रिल, गुरुवार. पाडवा.

गुढी उभारली. वसुधाने श्रीखंड आणलं होतं, पाव किलो, विकतचं. एरवी ती घरी करते. म्हणाली, कुठूनसे चौदा रुपये सुटे मिळाले होते, म्हटलं खाऊन टाकावे.

तिच्या हातात पाटल्या परत आल्या आहेत. सोनाराने पॉलिशला तीन आठवडे लावले आणि वर शंभर रुपये घेतले. शंभर! मी चकित झालो. पाटल्या हातात घेऊन बघितल्या, तर होत्या तशाच आहेत. पावती मागितली तर म्हणाली, पावती काय करायची आहे, वस्तू परत आली ना. चार-पाच तोळे सोनं हिने कोणाच्या तरी हवाली केलं आणि तीन आठवडे शांत राहिली. मला सांगितलंही नाही. मी तिला म्हटलं, असा डोळे मिटून विश्वास टाकणं बरं नव्हे, सोनार पळून गेला असता तर?

तिने श्रीखंडाचं भांडं जवळ ओढलं. मग म्हणाली, "गेला नसता. मला माहीत होतं."

अजून श्रीखंड वाढू का म्हणाली. मी घेतलं.

तारण म्हणजे काय, पावती कशासाठी असते, सोनं हातातून सुटलं की काय होऊ शकतं, हे तिला एकदा समोर बसवून नीट समजावून सांगायला हवं. भांडुपला दोनशे लोकांना सांगतो, मग घरच्यांनाच का नाही? रविवारी वेळ आहे.